नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली, त्यांतील सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानी तिचा पहिला अंक येतो. तिच्या ऐन मधला नऊ मात्र ‘अर्बुद’ या नवव्या स्थानी बसतो. त्याच्या दोन्ही अंगांना आठ-आठ अंक आहेत आणि कोणत्याही टोकाकडून वाचले तरी वाचन एकच राहते. असे सममित आकडे कोणालाही मनाने लिहून काढता येतील. तेवढ्यावरून या संख्येला मोठेपण देण्याचे कारण नाही. तिचे वैशिष्ट्य तिच्या उत्पत्तीत आहे. एक हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले असता हा गुणाकार येतो. रचना कोणी केलेली नाही. ती गुणाकारातून आपसूक बाहेर पडते.

गणितात या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. नाव परक्या मुलखातले वाटते, पण आहे डोंबिवलीचे. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरील या स्थानकाचे पूर्वीचे नाव डेम्लो. तेथे ही कल्पना सुचली म्हणून संशोधकाने संख्यांना ते नाव दिले. संशोधक होते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, त्यापूर्वी वसई आणि डहाणू दोन्ही ठाणे जिल्ह्यात होती. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या त्या २०१३ मध्ये. वसई रोडहून उत्तरेला निघालेली गाडी कापरेकरांच्या जन्मगावी जाते आणि दिव्याकडे वळणारी गाडी कोपरवरून, म्हणजे डोंबिवलीच्या शेजारून जाते. मी या दोहोंच्या मध्ये राहतो. या संख्येची ओळख करून घेण्यास एवढे निमित्त पुरेसे नाही हे मला मान्य आहे. माझे खरे निमित्त निराळे आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी संख्या नीट पाहिली पाहिजे.

चौकटीचा कागद घ्यावा आणि हा गुणाकार शाळेत शिकवल्याप्रमाणे मांडावा. गुण्यात नऊ एक, गुणकातही नऊ एक. म्हणून खाली नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. सगळे मिळून ८१ एक कागदावर उतरतात. आता उभ्या रकान्यांची बेरीज करू. एकं स्थानाच्या रकान्यात एकच एक आहे. त्याच्या डावीकडच्या रकान्यात दोन, मग तीन, असे करत नवव्या रकान्यात नऊ. तेथे सर्व नऊ ओळी एकमेकींवर येतात. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि रकाना आठ, सात, सहा असा उतरत सतराव्या घरात पुन्हा एकावर येतो. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे एकदाही हातचा धरावा लागत नाही. मांडलेल्या ८१ एकांपैकी एकही हरवत नाही. उत्तरातील सतरा अंकांची बेरीज करून पाहावी. ती ८१ भरते.

कापरेकरांनी या कुळाची केलेली व्याख्या यापेक्षा सूक्ष्म आहे. संख्येचे तीन भाग पाडायचे. डावा आणि उजवा भाग सारख्या अंकांचे. त्यांच्या बेरजेत एकच अंक पुनःपुन्हा यावा आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. आपल्या संख्येचा डावा भाग १२३४५६७८, उजवा भाग ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९ आणि मध्ये नऊ. लहान भावंडांतही हेच दिसते: १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मधला अंक तीन. १६५ ही सममित नसलेली संख्याही डेम्लोच ठरते, कारण एक आणि पाच मिळून सहा होतात. एकांच्या वर्गांतून येणाऱ्या सममित संख्यांना त्यांनी ‘अद्भुत’ हे विशेषण लावून वेगळे केले. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी या संख्यांचा सिद्धांत मांडला. आणि १९४८ मध्ये त्यावर एक पुस्तिका देवळालीहून स्वतः प्रसिद्ध केली.

आता माझे निमित्त. संगणक येण्यापूर्वीच्या काळात मी वसईतील एका बँकेच्या शाखेत बचत खात्यांच्या लेजरवर काम करीत असे. खातेदार बहुतेक पानवेलीचे आणि केळीचे बागायतदार, पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणाऱ्या बायका, किनाऱ्यावरचे कोळी, थोडे शिक्षक. महिन्याच्या शेवटी प्रत्येक लेजरमधील सर्व शिल्लक रकमांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरमधील आकड्याशी पडताळून पाहायची, याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. मेळ क्वचितच पहिल्या बेरजेला बसे. फरक निघाला की आमचे वरिष्ठ चष्मा कपाळावर सरकवून एकच वाक्य म्हणत, “आधी नवाने भागून बघा.” फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. ८३७ च्या जागी ८७३ लिहिले गेले तर फरक ३६ पडतो, आणि ३६ हे नवाच्या पाढ्यात आहे. कोणतेही दोन अंक असे उलटसुलट झाले तर फरक नवाच्या पटीतच येतो, कारण दहा म्हणजे नऊ अधिक एक. अंक एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याच्या किमतीत पडणारा बदल नेहमी नवाच्या पटीत असतो. हे कारण मला तेव्हा ठाऊक नव्हते. नियम मात्र हाताला माहीत होता.

फरक चाळीस पैशांचा असला तरी तो शोधावाच लागे. नव्याने आलेल्या मुलांना याचा मनस्ताप होई. चाळीस पैसे खिशातून भरून घरी जाऊ, असे त्यांतले कोणी ना कोणी दरवेळी म्हणत असे आणि त्याला दरवेळी नकार मिळत असे. नकारामागे कंजूषपणा नव्हता. चाळीस पैशांचा फरक हा चाळीस पैशांच्याच चुकीचा असेल असे नाही. एका खात्यात बारा हजार जास्त चढले आणि दुसऱ्यात अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये साठ पैसे जास्त नावे पडले, तर बेरजेत उरतात ते चाळीस पैसेच. दोन मोठे अपराध परस्परांना झाकतात आणि त्यांच्यामागे एक क्षुद्र अवशेष राहतो. तो अवशेष क्षुद्र म्हणून सोडून देणारा माणूस दोन्ही अपराध कायम करतो. एखाद्या बाईच्या आयुष्यभराच्या फुलांचा हिशेब त्यात असू शकतो.

या कामाचे आणखी एक लक्षण होते, त्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर अधिक स्पष्ट झाला. त्याचे फलित नेहमी शून्य असे. फरक शून्य झाला की लेजर मिटायचे, दिवे मालवायचे आणि स्टेशन गाठायचे. दुसऱ्या महिन्यात मागचा शून्य कोणाच्या लक्षात राहत नसे, आणि ते योग्यच होते. जगातील फार मोठे श्रम या जातीचे आहेत. रुळांची तपासणी करणारा गँगमन, औषधाच्या मात्रेची पुन्हा खात्री करणारी परिचारिका, मुद्रितशोधक, यांच्या यशाची खूण एवढीच की काही विपरीत घडले नाही. अशा कामात माणसाला कर्तव्यभावना टिकवून धरण्यासाठी बाहेरून फारसे काही मिळत नाही. ती त्याला शेवटच्या अंकाविषयीच्या आदरातूनच मिळवावी लागते.

मी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या अलीकडे घरच्या संगणकावर स्प्रेडशीटच्या एका चौकटीत भरली. एंटर दाबल्यावर चौकटीत १२३४५६७८९८७६५४३०० अशी संख्या उरली. शेवटचे दोन आणि एक गेले होते. यात यंत्राचा दोष म्हणावा असे काही नाही. अशी तक्ते करणारी प्रणाली पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी ठेवते आणि पुढील घरांत शून्ये मांडते. संगणकात संख्या साठवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात ९००७१९९२५४७४०९९२ म्हणजे दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत सर्व पूर्णांक अचूक बसतात. त्यापुढे काही अंतरापर्यंत केवळ सम संख्यांना जागा मिळते, मग केवळ चारच्या पटींना, आणि पुढे पुढे हे अंतर वाढत जाते. आपली संख्या त्या मर्यादेच्या जरा पलीकडची, आणि विषम. त्या पद्धतीत तिला जागाच नाही. व्यवहाराला यामुळे काही बाधा येत नाही, कारण एवढ्या मोठ्या रकमेतील शेवटच्या एकवीस रुपयांची कोणाला फिकीर असणार? पण या संख्येचे सर्व गुण त्या एकवीसावर अवलंबून आहेत. ते गेले की सममिती गेली, वर्गपण गेले, डाव्या-उजव्या भागांची बेरीज गेली. जवळजवळ बरोबर असलेली डेम्लो संख्या ही वस्तूच अस्तित्वात नाही. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने केलेला गुणाकार मात्र तिला शेवटच्या एकापर्यंत पूर्ण देतो.

येथे एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो घेणारा माणूस सामान्य नव्हता. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे घेतली आहेत. २१७८ ला चाराने गुणले की तिचेच अंक उलटून ८७१२ होते आणि १०८९ ला नवाने गुणले की ९८०१. अशा गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांना योग्य आहेत, हौशी लोकांची करमणूक करतील, पण त्यांत गणितज्ञाला आकर्षक वाटावे असे काही नाही, हा त्यांचा अभिप्राय. त्यामागचे कारण भक्कम आहे. अंक हे संख्येचे अंग नाहीत, ते आपल्या लेखनाचे अंग आहेत. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून नऊ एकांचा वर्ग असा डौलदार दिसतो. बाराच्या पटीत मोजणाऱ्या समाजात हीच संख्या बेंगरूळ दिसेल आणि तेथे अकरा एकांपर्यंतचे वर्ग देखणे ठरतील.

आक्षेपाची सत्यता पटवून घ्यायला आम्हा वसईकरांना फार लांब जावे लागत नाही. नालासोपाऱ्यातील बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली आणि आतील स्तूप जगासमोर आणला. याच भगवानलालांनी त्याआधी जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाच्या अंकांचा अभ्यास केला होता. त्या लेखात यज्ञांतील दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत, पण त्या अंकलेखनात स्थानमूल्य नाही आणि शून्यही नाही. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. त्या पद्धतीत नऊ एकांची संख्या लिहायची म्हटली तर नऊ निरनिराळी चिन्हे लागली असती, आणि ती एकसारखी आहेत असे पाहणाऱ्याला स्वप्नातही आले नसते. सोपाऱ्याच्या बंदरातील सातवाहनकाळच्या व्यापाऱ्याला मोठ्या रकमा मोजता येत होत्या. डेम्लो संख्या मात्र त्याला दिसू शकली नसती. संख्या तेव्हाही होती. तिचे हे रूप नव्हते.

मग या रूपाचे मोल काय? हार्डींचे म्हणणे मी पूर्णपणे नाकारू शकत नाही, तरी पूर्णपणे स्वीकारण्यासही मन तयार नाही. लेखनापलीकडचे गुण या संख्येत आहेतच. ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी तिचे मूळ अवयव तेच राहतात: तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ ही अविभाज्य संख्या दोन वेळा. त्यामुळे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या नेमक्या ४५ आहेत, न कमी न अधिक. आता तीन चार वेळा म्हणजे ८१. आणि ८१ ही तिच्या अंकांची बेरीज, हे आपण मघाशी पाहिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले होते. म्हणजे आपली संख्या हर्षदही आहे. आणि ४५? ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग केले, २० आणि २५, की बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. हार्डी आणि रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्धी पावलेली १७२९ ही टॅक्सीची संख्यासुद्धा हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ला ९१ ने गुणले की १७२९. हार्डींनी या गुणाकडे पाहून नाक मुरडले असते, यात शंका नाही.

माझे मत असे की लेखन हीदेखील मानवाने फार श्रमांनी केलेली कृती आहे, आणि तिच्या अंतर्गत नियमांचा शोध घेणे हे हलके काम नाही. दहा चिन्हे आणि स्थानमूल्य यांतून आपण जी व्यवस्था उभी केली, तिच्यात आपण न ठेवलेल्या गोष्टी सापडतात. बँकेतला नवाचा नियम अशीच गोष्ट होती. तो दशमान पद्धतीतून आलेला, हार्डींच्या लेखी नगण्य. पण त्याच्या आधारे कित्येकांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या. कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोधही याच नियमाच्या घरातला आहे. चार अंकांची संख्या घ्यावी, सर्व अंक एकच नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी आणि तेच पुन्हा करीत राहावे. चिमाजी आप्पांनी वसई घेतली ते १७३९ हे साल घेऊ. ९७३१ वजा १३७९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. कापरेकरांच्या जन्माचे १९०५ हे साल मात्र पूर्ण सात पायऱ्या घेते, हे मी स्वतः वजाबाक्या करून पाहिले. अंकांची अदलाबदल करून वजाबाकी केली की उत्तर नवाच्या पटीत येणार, हे आमच्या वरिष्ठांनी चष्मा कपाळावर असतानाच सांगितले असते. पण सगळ्या वाटा अखेर एकाच घरी जातात, हे पाहण्यासाठी कापरेकर लागले. त्यांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

कापरेकरांचे चरित्र आपल्याकडे सांगितले जाते ते उपेक्षेची कथा म्हणून. तिचा तपशील खोटा नाही. आठव्या वर्षी आई गेली. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी, त्यापुढे औपचारिक शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक. लेख बहुधा किरकोळ नियतकालिकांत किंवा पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पुढे निवृत्तिवेतन पुरेना म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचा अंत झाला.

हे सारे खरे धरूनही उपेक्षेच्या कथेत मला एक उणीव दिसते. ती असे गृहीत धरते की मान मिळाला असता तर काम सार्थ झाले असते, आणि मान उशिरा मिळाला म्हणून मधली वर्षे रिकामी गेली. त्या वर्षांत घडत काय होते, हे तिला सांगता येत नाही. बत्तीस वर्षे एक मनुष्य सकाळी वर्गात उभा राहून दुसऱ्यांच्या मुलांना बेरीज-गुणाकार शिकवतो आणि उरलेल्या वेळात तेच बेरीज-गुणाकार, अगदी तेच, कोणी न सांगता पुढे नेतो. शाळेतील कर्तव्य आणि स्वतःचा व्यासंग यांची सामग्री एक असणे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. एका संख्याकुळाला त्यांनी डोंबिवलीचे नाव दिले, दुसऱ्याला देवळालीचे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जिची निर्मिती करता येत नाही, अशी संख्या, उदाहरणार्थ २०, ही देवळाली संख्या. तिलाच स्वयंभू असेही त्यांनी म्हटले. ज्याला आपल्या प्रवासाचे स्थानक आणि नोकरीचे गाव गणितात नेऊन ठेवावेसे वाटते, तो मनुष्य आपल्या परिस्थितीशी भांडत बसलेला नसावा. दारिद्र्य होते, आणि त्याचे दुःखही असणार. त्याची भलामण मी करणार नाही. शिक्षकाला पेन्शनीत जगता येऊ नये, ही समाजाच्या हिशेबातील चूक आहे आणि ती त्याच्या अलिप्ततेच्या खात्यावर वळती करता कामा नये. पण त्याच्या वेळेचा विनियोग कसा झाला हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर मान-अपमानाच्या वहीत सापडणार नाही. बँकेत संध्याकाळी फरक शून्य झाल्यावर आम्हांला कोणी प्रशस्तिपत्र देत नसे. तरी लेजर मिटताना जे समाधान होई ते खोटे नव्हते, आणि ते मिळण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. कापरेकरांचे समाधान आमच्यापेक्षा फार मोठ्या प्रतीचे होते हे उघड आहे. जात मात्र तीच असावी, असे मला वाटते.

आता दहा एकांकडे वळू. नऊपर्यंतची सारी शोभा हातचा न येण्यावर उभी होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. दहा एकांचा वर्ग मांडला तर कागदावर शंभर एक उतरतात, आणि मधल्या रकान्याची बेरीज दहा होते. शून्य लिहून एक हातचा पुढे जातो. पुढच्या रकान्यात नऊ आधीच आहेत, त्यांत तो मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. आणि त्यापुढच्या आठाचे नऊ होऊन गडबड थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. अंकांची बेरीज शंभरऐवजी ८२ भरते, कारण प्रत्येक हातच्यागणिक दहा एकांच्या जागी एकच एक पुढे जातो आणि नऊ कमी होतात; दोन हातचे, अठरा वजा. हिशेब येथेही चोख आहे.

बहुतेक पुस्तके येथे थांबतात आणि दहाला सौंदर्य संपले असे लिहितात. पण या एकोणीस अंकी उत्तराचे दोन भाग करून पाहावेत. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडचे नऊ अंक १२३४५६७९०. त्यांची बेरीज ११११११११११, म्हणजे ज्या दहा एकांचा वर्ग केला तीच मूळ संख्या. डेम्लोची अद्भुत मालिका ज्या घरात तुटते, त्याच घरात कापरेकरांची दुसरी संख्या बसलेली आहे. नऊ एकांना हा गुण नाही. त्यांच्या वर्गाचे उजवीकडचे नऊ आणि डावीकडचे आठ अंक वेगळे करून मिळवले तर ९९९९९९९९९ येते, मूळ संख्येच्या नऊपट. एकांची संख्या नवाच्या पाढ्यापेक्षा एकाने अधिक असेल तेव्हाच हे घडते. म्हणून अकरापासून अठरापर्यंत काही हाती लागत नाही, आणि एकोणीस एकांपाशी तो गुण परत येतो.

एकोणीस एकांचा वर्ग सदतीस अंकी असतो. तो करून पाहण्याची इच्छा ज्यांना होईल त्यांनी मोठ्या चौकटीची वही आडवी धरावी, सदतीस रकाने आधी मोजून घ्यावेत आणि बेरीज उजवीकडून सुरू करून प्रत्येक हातचा रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहीत जावे. हातचा बहुतेक ठिकाणी एकाचा, पण मधल्या भागात रकान्याची बेरीज दोनदा वीस भरून दोनाचाही येतो, तेव्हा रकाना गाळला जाण्याची शक्यता आहे. उत्तर आल्यावर उजवीकडचे एकोणीस अंक आणि डावीकडचे अठरा अंक वेगळे करून मिळवावेत. एकोणीस एक आले नाहीत, तर फरक काढून आधी नवाने भागून पाहावे.